विमान, वारा आणि माणसाचा हात



मोकळ्या माळावर बसलेली घार उडताना पाहावी. ती वाऱ्याकडे तोंड करून उठते. आपली मुलेही पतंग चढविताना वाऱ्याच्या विरुद्ध धाव घेतात. पाखराला आणि पोराला सहज साधणारे हे तत्त्व विमान चालविणाऱ्या माणसाला मात्र फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. त्या शिकण्याची कथा आज आपणांस पाहावयाची आहे.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये ओटो लिलिएन्थाल हा जर्मन अभियंता आपल्या बिनइंजिनाच्या यंत्रातून टेकडीवरून तरंगत असताना हवेतच थबकला, सुमारे पन्नास फुटांवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. ही वार्ता अमेरिकेत सायकलींचे दुकान चालविणाऱ्या विल्बर व ऑर्व्हिल या राइट बंधूंनी वाचली आणि उड्डाणाच्या प्रश्नाने त्यांच्या मनात पुन्हा घर केले.

१७ डिसेंबर १९०३ हा दिवस सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्याच्या तीनच दिवस आधी काय घडले, ते आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. १४ तारखेला वारा मंद होता, म्हणून बंधूंनी टेकडीच्या उतारावर रूळ मांडला. विल्बरने यंत्राचे नाक फार लवकर व फार वर उचलले. वेग सरला आणि साडेतीन सेकंदांत यंत्र वाळूत आपटले. दोष यंत्राचा नव्हता, हाताचा होता, आणि हे विल्बरने स्वतः कबूल केले.

१७ तारखेला समोरून जोराचा वारा होता. ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला व जमिनीवरून पाहता अवघे १२० फूट गेला. म्हणजे सेकंदाला दहा फूट. माणूस धावत त्याला सहज गाठील! परंतु त्याच्याच हिशेबाप्रमाणे वारा सेकंदाला सुमारे ३५ फूट वेगाने समोरून येत होता. तेव्हा यंत्र हवेतून सेकंदाला ४५ फूट, एकूण ५४० फूट गेले होते. पंखांना जमिनीशी कर्तव्य नाही. ते फक्त हवेला ओळखतात. ज्या वाऱ्याने हे यश दिले, त्यानेच चौथ्या उड्डाणानंतर जमिनीवर उभे असलेले यंत्र उलथून मोडून टाकले, हेही विसरता येत नाही.

पुढे डेटन गावाजवळच्या कुरणात असा भरवशाचा वारा मिळेना. तेव्हा १९०४ मध्ये त्यांनी मनोरा उभारला व त्यावरून खाली सोडलेल्या जड वजनाच्या ओढीने यंत्राला आरंभीचा वेग दिला. तरी एक संकट उरलेच. आखूड वळण घेताना यंत्र एकाएकी हाताबाहेर जाई. २८ सप्टेंबर १९०५ रोजी ऑर्व्हिल एका काटेरी झाडाकडे असाच ओढला गेला. त्याने नाक खाली केले. पंख झाडाला चाटून गेला, पण वेग परतला आणि यंत्र सावरले. वळताना पंखांवरचा भार वाढतो, म्हणून वेगही अधिक लागतो, हे बंधूंना कळले. उपाय यंत्र बदलण्यात नसून ते चालविण्यात होता. सातच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, विल्बर ३९ मिनिटांत सुमारे २४ मैल फिरला.

आज लहान विमानात वेगदर्शक असतो. आंरी पितो या फ्रेंच इंजिनियराने १७३२ मध्ये सीन नदीचा प्रवाह मोजण्यासाठी वापरलेल्या नळीच्याच तत्त्वावर तो चालतो. परंतु डोळा अजून फसतोच. पाठीशी वारा असला की खालची शेते भराभर मागे पळतात. नवशिक्याला वाटते, वेग पुष्कळ आहे, आणि तो वेग कमी करू लागतो. धावपट्टीवर उतरण्यासाठी शेवटचे वळण घेताना ही चूक झाली, तर सावरायला खाली उंचीच उरलेली नसते.

धावपट्टीचा हिशेबही असाच निष्ठुर आहे. हवेतील ५० मैलांच्या वेगाने टेकणारे विमान समोरच्या १० मैल वाऱ्यात जमिनीला ४० मैलांनी भेटते, पाठीच्या वाऱ्यात ६० मैलांनी. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे १६०० ला ३६००, सव्वादोन पट! म्हणून विमानतळावर वाऱ्याने फुगणारे ते साधे कापडी नळकांडे उतरण्यापूर्वी पाहावयाचे असते.

खाली पडू लागलेल्या माणसाची सारी वृत्ती वर ओढण्याची असते. त्या क्षणी दांडा पुढे ढकलून नाक खाली करणे हे वैमानिकाचे पहिले शिक्षण होय. लिलिएन्थालला ते सांगणारा कोणी नव्हता. आजच्या शिकाऊ वैमानिकाला ते पहिल्या काही धड्यांतच शिकविले जाते.