किरिको काचकाम

फुंकून घडविलेल्या काचपात्रांवर नक्षी कोरण्याची जपानी हस्तकला. साके या तांदळाच्या मद्याचे लहान पेले, सुरया व प्याले यांवर ही नक्षी प्रामुख्याने आढळते. एदो (सध्याचे टोकिओ) व सात्सुमा (सध्याचा कागोशिमा परिसर) या तिच्या दोन परंपरा असून त्यांपैकी पहिली अखंड टिकली, तर दुसरी सु. तीन दशकांतच लोप पावली.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर यूरोपीय काचपात्रे जपानमध्ये आली. काचेसाठी रूढ झालेला ‘बिदोरो’ हा जपानी शब्द मूळचा पोर्तुगीज होय. १८३४ मध्ये एदोमधील काचव्यावसायिक कागाया क्यूबेई याने कुरुंदाच्या पुडीने काचेवर नक्षी कोरली व तेथूनच एदो किरिकोचा प्रारंभ झाला, असे मानतात.

सात्सुमाचा अधिपती शिमाझू नारिओकी याने १८४६ मध्ये औषधांची काचभांडी करविण्यासाठी एदोहून योत्सुमोतो कामेजिरो या कारागिरास पाचारण केले. नारिओकीचा पुत्र नारिआकिरा (१८०९–५८) १८५१ मध्ये अधिपती झाला. त्याच्या प्रोत्साहनाने तांब्याच्या योगाने लाल काच तयार करण्यात यश आले. तथापि त्याच्या मृत्यूनंतर या उद्योगास उतरती कळा लागली. १८६३ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या तोफमाऱ्यात कारखाना नष्ट झाला आणि १८७७ च्या सुमारास ही परंपरा खंडित झाली. एदो किरिको मात्र सरदाराश्रयावर अवलंबून नव्हती. सामान्य नागरिकांच्या मागणीवर ती जगली. १८८१ मध्ये शिनागावा येथील सरकारी काचकारखान्यात एमॅन्युएल हॉप्टमन या इंग्रज तज्ञाने स्थानिक कारागिरांना चक्राने काच कापण्याचे शिक्षण दिल्याने तिला नवे बळ लाभले.

दोन्ही प्रकारांत रंगहीन काचेवर रंगीत काचेचा थर चढवितात. प्रथम पात्रावर आखणी करून फिरत्या चक्रावर स्थूल कोरीवकाम करतात. नंतर दगडी चक्राने रेषा गुळगुळीत करून अखेरीस झिलई देतात. भांडे हातात तोलूनच छेदाची खोली ठरवावी लागते. एदो प्रकारातील रंगथर पातळ असल्याने नक्षी ठळक व रेखीव उठते. सात्सुमातील थर जाड असल्याने तिरप्या छेदांत रंग क्रमाने फिका होत जातो. माशाची अंडी, भांगेच्या झाडाची पाने, शेवंतीची फुले व बांबूचे कुंपण यांवर आधारित भौमितिक आकृतिबंध विशेष प्रचलित आहेत.

सात्सुमा किरिकोचे पुनरुज्जीवन १८८० नंतर सु. शतकभराने, १९८५ मध्ये कागोशिमा येथे झाले. परंपरागत कारागीर उरलेला नसल्याने अवशिष्ट पात्रे व छायाचित्रे यांच्या अभ्यासातूनच तंत्र नव्याने सिद्ध करावे लागले. एदो किरिकोला २००२ मध्ये जपान शासनाने राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.