हमीची मुदत : थर्मोस्टॅटच्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू

महाराष्ट्रातील वाचकाला थर्मोस्टॅट हा शब्द इस्त्रीच्या किंवा गीझरच्या दुरुस्तीच्या निमित्ताने भेटतो. तो बिघडला की इलेक्ट्रिशियन येतो, नवा बसवतो, आणि फार तर एका सकाळीची आंघोळ थंड पाण्याने होते. उत्तर अमेरिकेतील घरांत मात्र हे यंत्र बैठकीच्या भिंतीवर बसवलेले असते आणि तळघरातील भट्टी कधी पेटवायची, कधी विझवायची हे तेच ठरवते. मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनच्या जानेवारीत बाहेरचा पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. अशा रात्री भिंतीवरचे हे यंत्र मुके झाले, तर घर तासागणिक थंड होत जाते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे भिंतीआडचे नळ फुटू लागतात. त्यातच यंत्राच्या हमीची मुदत संपलेली असली, तर घरमालकाच्या हाती उरतो तो एक निरुपयोगी कागद. हा कागद नेमके काय म्हणत होता आणि त्याने काय म्हणण्याचे टाळले होते, हा प्रश्न आम्हांला यंत्राच्या इतिहासाइतकाच वाचनाचाही वाटतो. म्हणून दोन्ही एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न.

आधी शब्दाविषयी. 'थर्मोस्टॅट' हा शब्द अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० च्या सुमारास घडवला. ग्रीक 'थर्मोस' म्हणजे उष्ण आणि 'स्टॅटोस' म्हणजे स्थिर, उभा. यांपैकी पहिल्याचे संस्कृतातील भावंड 'घर्म' आणि दुसऱ्याचे 'स्थित'. आपला 'घाम' हा त्याच 'घर्मा'चा प्राकृतमार्गे आलेला वंशज. कुणाला हौस असेल तर त्याने या यंत्राला 'घर्मस्थित' म्हणावे. यूर हा माणूस साहित्याच्या अभ्यासकांना अगदीच अपरिचित नसावा. १८१८ साली ग्लासगो येथे फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतात विद्युत्‌प्रवाह सोडून स्नायूंची हालचाल घडवून आणण्याचा जो प्रयोग झाला, तो करणारा हाच. ('फ्रँकेन्स्टाइन' त्याच वर्षी, पण प्रयोगाच्या कित्येक महिने आधी प्रसिद्ध झाली होती, तेव्हा प्रभावाची कथा रचण्याचा मोह टाळलेला बरा.) पुढे १८३५ साली त्याने कारखानदारीच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिला आणि स्वयंचलित यंत्रांची इतकी मनोभावे स्तुती केली की मार्क्सने त्याला थेट पिंडार या ग्रीक स्तोत्रकवीच्या पंक्तीला बसवून त्याची थट्टा केली. थर्मोस्टॅटचा नामकर्ता यंत्रयुगाचा भाट होता, ही गोष्ट निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. माणसाच्या लक्षावर विसंबणे हेच उत्पादनातील दुबळे अंग, अशी त्याची धारणा होती.

यूरने नाव दिले, कल्पना मात्र जुनी होती. डच कल्पक कॉर्नेलिस ड्रेबेल याने सतराव्या शतकाच्या आरंभी, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आश्रयाला असताना, आपोआप उष्णता सांभाळणारी भट्टी बनवली होती. उष्णता वाढली की नळीतला मद्यार्क प्रसरण पावे, तो पाऱ्याला ढकली आणि पारा हवेची झडप मिटवी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये बोनमां याने अशाच हेतूने धातूच्या प्रसरणावर चालणारा नियंत्रक बनवला. दोघांच्याही यंत्रांचा एक प्रमुख उपयोग अंडी उबवण्याचा होता. स्थिर उबेचा लाभ माणसांच्या कितीतरी आधी कोंबडीच्या पिलांना झाला! अठराव्या शतकाच्याच मध्यावर जॉन हॅरिसन या घड्याळजीने सागरी घड्याळासाठी पितळ आणि पोलाद यांच्या दोन पट्ट्या एकमेकींना जखडल्या. पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून तापल्यावर जोडपट्टी वाकते. यूरने हेच वाकणे झडपेला जोडले, आणि आजच्या इस्त्रीतही तेच वाकणे काम करते.

घरातल्या उबेच्या कथेचा खरा आरंभ मात्र एका शिक्षकाच्या त्रासातून झाला, आणि आमच्या वाचकवर्गाला तो त्रास सहज समजावा. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. इमारतीची भट्टी तळघरात होती आणि तिच्या झडपा शाळेच्या शिपायाच्या हाती. वर्गात किती ऊब आहे हे तळघरातून कळण्याचा काही मार्ग नव्हता. म्हणून शिपाई ठरावीक वेळाने प्रत्येक वर्गाचे दार उघडून आत येई, भिंतीवरचा तापमापक पाही आणि पुन्हा खाली जाऊन झडप सारखी करी. दर वेळी शिकवण्याची तार तुटे. जॉन्सन यांनी वर्गात असे उपकरण बसवले की तापमान बदलताच विजेच्या तारेतून तळघरात घंटी वाजावी. १८८३ साली त्याचे पेटंट मिळाले आणि दोन वर्षांनी मिलवॉकी येथे त्यांची कंपनी उभी राहिली. या पहिल्या उपकरणाने शिपायाचे काम काढून घेतले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. यंत्र सांगत होते आणि माणूस करत होता. घंटी वाजली नाही, तर शिपाई पुन्हा जिना चढू शकत होता.

ती शक्यता संपवण्याचे काम मिनियापोलिस येथे झाले. मूळचा स्वित्झर्लंडचा असलेल्या आल्बर्ट बट्झ याने १८८५-८६ च्या सुमारास कोळशाच्या घरगुती भट्टीसाठी नियंत्रक तयार केला. खोली थंड झाली की विद्युत्‌मंडल पुरे होई, एक खीळ सुटे, दांडा अर्धा फेरा फिरे आणि साखळीने भट्टीची झडप उघडे. खोली पुरेशी तापली की दुसरा अर्धा फेरा होऊन झडप मिटे. बट्झ लवकरच या व्यवसायातून बाहेर पडला. त्याची कंपनी नावे बदलत बदलत १९२७ साली मार्क हनीवेल याच्या कंपनीत मिसळली आणि पुढे हनीवेल या नावानेच जगभर ओळखली गेली. या अर्ध्या फेऱ्याने घरातील एक पुरातन काम संपवले. रात्री उठून विस्तवाकडे पाहणे हे काम कोणत्याही संस्कृतीत कुणाच्या तरी अंगावर असतेच, आणि बहुधा ते घरातल्या बाईच्या किंवा नोकराच्या अंगावर असते. ते आता भिंतीकडे गेले. भिंतीने ते नीट करावे याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. यंत्र उघडे होते आणि साखळी डोळ्यांना दिसत होती, म्हणून तो विचारावासा वाटला नसावा.

या यंत्राचे अभिजात रूप १९५३ साली आले. हेन्री ड्रेफस याने आखलेला हनीवेलचा वाटोळा थर्मोस्टॅट आज न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयात आहे. चौकोनी डबी भिंतीवर किंचित जरी तिरकी बसली तरी डोळ्यांना खुपते. वाटोळी कधीच तिरकी दिसत नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. आत जोडपट्टीचे वेटोळे आणि त्याच्या टोकाला काचेची कुपी, तिच्यात पाऱ्याचा थेंब. वेटोळे वळले की कुपी कलते, थेंब घरंगळतो आणि दोन तारा जोडल्या जातात. यात बिघडण्यासारखे फार थोडे होते. भिंतीवर तळपाट तिरका बसला तर कुपी कलून चुकीच्या अंशाला भट्टी पेटे. वेटोळ्यावर धूळ साचली तर प्रतिसाद मंदावे. झाकण काढून फुंकर मारणे आणि तळपाट समतल करणे, बहुधा एवढ्यावर भागे. अशी यंत्रे अनेक घरांत कित्येक दशके चालली. त्यांचे पाप एकच, तो पारा. जुने थर्मोस्टॅट कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून १९९८ साली उत्पादकांना स्वतंत्र संस्था काढून ते परत गोळा करावे लागले.

या यंत्राच्या मागे भिंतीतून येणाऱ्या तारांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या विवेचनाचा गाभा तिथेच आहे. चोवीस व्होल्टचा सौम्य प्रवाह एका तारेने येतो. तिला 'आर' हे अक्षर. भट्टीकडे जाणाऱ्या तारेला 'डब्ल्यू'. थर्मोस्टॅटचे एकंदर कर्तव्य म्हणजे या दोन तारा योग्य वेळी जोडणे आणि तोडणे. म्हणून मुदतीनंतर यंत्र बंद पडले की जाणकार कारागीर वीज बंद करून यंत्र काढतो, या दोन तारा एकमेकींना जोडतो आणि वीज पुन्हा सुरू करतो. भट्टी पेटली तर दोष भिंतीवरच्या यंत्रात. पेटली नाही तर तो अन्यत्र शोधायचा. दोष यंत्रातच असला, तर बाजारातील जवळजवळ कोणताही साधा थर्मोस्टॅट त्या तारांना चालतो. हा संकेत कोणत्याही एका कंपनीच्या हमीपत्रात लिहिलेला नाही. तरीही मुदत संपल्यानंतर घरमालकाला वाचवतो तो हाच.

आता त्या कागदाकडे वळू. इंग्रजी कायद्यात विक्रेत्याने उच्चारलेल्या वचनाखेरीज एक न उच्चारलेले वचनही असते. वस्तू ज्या कामासाठी विकली त्या कामाची ती असली पाहिजे, हे ते वचन. १८९३ च्या ब्रिटिश मालविक्री कायद्याने ते शब्दांत बांधले, आणि आपल्याकडे १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे सोळावे कलम त्याच परंपरेतले आहे. अमेरिकेत ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यावर ४ जानेवारी १९७५ रोजी मॅग्नसन-मॉस कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. हमीपत्र सोप्या, सहज समजणाऱ्या भाषेत लिहिलेले असावे, असे बंधन त्याने घातले. शैलीविषयी कायद्याने आज्ञा करावी हा प्रसंग समीक्षकांनी टिपून ठेवण्यासारखा आहे. हमी 'पूर्ण' आहे की 'मर्यादित' हे मथळ्यातच सांगणेही सक्तीचे झाले, आणि बाजारातील बहुतेक कागदांवर दुसराच शब्द आला.

त्या कायद्यातील एक तरतूद आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. लेखी हमी देणाऱ्याला ते न उच्चारलेले वचन नाकारता येत नाही. मात्र हमी 'मर्यादित' असेल, तर त्या अलिखित वचनाचे आयुष्य लेखी हमीच्या मुदतीइतके आखडता येते. अट एवढीच की ती मुदत वाजवी असावी. काही राज्ये हे मान्य करत नाहीत, आणि तसे त्याच कागदावर छापावे लागते. म्हणजे भिंतीवर वीस वर्षे राहील या अपेक्षेने घेतलेल्या वस्तूबाबतचे मुके वचन दोन किंवा पाच वर्षांच्या बोलक्या वचनाबरोबर संपू शकते. ग्राहक हमीपत्र आश्वासन म्हणून वाचतो. आश्वासन कुठे थांबते हे सांगण्याचे कामही तेच करते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार टिकाऊपणा हा वस्तूच्या गुणवत्तेचाच भाग आहे, आणि उत्पादकाची हमी संपली तरी विक्रेत्याविरुद्ध दावा करण्याची मुदत इंग्लंड-वेल्समध्ये सहा आणि स्कॉटलंडमध्ये पाच वर्षे आहे. वस्तू इतकी वर्षे टिकलीच पाहिजे असा याचा अर्थ नाही. दोष मुळातला होता हे बहुधा ग्राहकालाच दाखवावे लागते. तरी मुक्या वचनाला तिथे स्वतःचे आयुष्य आहे, हा फरक थोडा नव्हे.

२०११ साली नेस्टचा 'शिकणारा' थर्मोस्टॅट आला. वाटोळा आकार त्याने ड्रेफसच्या परंपरेतूनच उचलला, पण आत संगणक होता आणि त्याचा संबंध दूरच्या सर्व्हरशी होता. २०१४ साली गूगलने ही कंपनी ३२० कोटी डॉलरना घेतली. जानेवारी २०१६ मध्ये सॉफ्टवेअरच्या एका सुधारणेतील दोषामुळे यंत्रांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत अनेक घरे गारठली. यंत्र भिंतीवरून काढून तारेने चार्ज करा, पुन्हा सुरू करा, असा सल्ला मालकांना देण्यात आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नेस्टनेच विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह या दुसऱ्या एका गृहनियंत्रक यंत्राची सेवा बंद झाली आणि ते कायमचे निकामी झाले. त्यातला एकही भाग झिजलेला नव्हता. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी नेस्टच्या २०११ आणि २०१२ च्या थर्मोस्टॅटांचा आधार काढून घेण्यात आला. भिंतीवरची कडी फिरवून भट्टी अजूनही पेटवता येते. फोनवरून चालवण्याची जी सोय विकत घेतली होती, ती मात्र गेली.

या बिघाडाला जुन्या अर्थाने बिघाड म्हणावे का, हे ठरवणे अवघड आहे. धूळ, कलणे, झिजणे हे वस्तूच्या अंगचे दोष होते आणि हमीपत्राची भाषा त्यांच्यासाठीच घडली होती: 'साहित्य व कारागिरी यांतील दोष'. सर्व्हर बंद करण्याचा निर्णय हे साहित्यही नव्हे आणि कारागिरीही नव्हे. काही नव्या भट्ट्या तर आता फक्त आपल्याच उत्पादकाच्या थर्मोस्टॅटशी, स्वतःच्या सांकेतिक भाषेत बोलतात. तिथे दोन तारा जोडून पाहण्याची परीक्षा सहसा चालत नाही, आणि यंत्र मुदतीनंतर गेले की त्याच कंपनीच्या दारी जावे लागते. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी निर्देश काढला. त्यात दुरुस्तीचे बंधन घातलेल्या वस्तूंच्या यादीत धुलाईयंत्रे, शीतकपाटे आणि भ्रमणध्वनी आहेत. भिंतीवरचा थर्मोस्टॅट त्या यादीत नाही.