विचारी माणूस विचारतो

'विचार' या संस्कृत शब्दात 'चर्' म्हणजे चालणे हा धातू आहे. 'वि' उपसर्ग लागून अर्थ झाला एखाद्या गोष्टीभोवती मन फिरवणे, ती पारखणे. हिंदी-गुजरातीत त्याचे क्रियापद मनातल्या मनातच राहिले; तिथे ते चिंतनाचे आहे. मराठीत मात्र 'विचारणे' म्हणजे दुसऱ्याला प्रश्न करणे. कन्नडमधले 'विचारिसु' आणि तमिळमधले 'विसारि' हेही चौकशीचेच शब्द. म्हणजे या बाबतीत आपण दक्षिणेच्या बाजूचे!

'विचारपूस' हा शब्द मला फार प्रिय आहे. त्यातला 'पूस' 'प्रच्छ्' धातूपासून आलेल्या 'पुसणे'चा. (फळा पुसतो ते 'पुसणे' निराळे, 'प्रोञ्छ्'पासूनचे.) दोन्ही पदांचा अर्थ विचारणे हाच, पण ती जोडून आली की त्यात आस्था उतरते. चोराची चौकशी होते, आजाऱ्याची विचारपूस.

विचारी म्हणजे गंभीर, मोजके बोलणारा माणूस असा आपला समज असतो. मला तो अपुरा वाटतो. बाजारात निघताना शेजारच्या आजींना 'काही आणू का?' म्हणून विचारणाराही विचारीच. त्यालाही हे विशेषण मनापासून लावा.