पेंढ्यावरची रात्र

पावसाळा आहे, म्हणून आज पावसात अडकलेल्या वाटसरूंची गोष्ट.

सुमारे २००० वर्षांपूर्वी आपल्या भागात सातवाहनांचं राज्य होतं. राजधानी पैठण. जुन्नरजवळच्या नाणेघाटातून व्यापाऱ्यांचे तांडे कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरायचे. सोपाऱ्यासारख्या ठिकाणी धर्मशाळा होत्या, नाशिकच्या लेण्यांतल्या लेखात तसं कोरलेलंच आहे. पण खेड्यात कुठली धर्मशाळा? नदीला पाणी आलं, अंधार पडला, की ओस देऊळ गाठायचं, नाहीतर कुणाच्या तरी दारात उभं राहून रात्रीपुरती जागा मागायची.

त्या काळात हाल नावाच्या सातवाहन राजाने लोकांच्या तोंडच्या ७०० गाथा एकत्र केल्या असं मानतात. पुढे त्यांत भरही पडत गेली. तीच 'गाथासप्तशती'. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. एकेक गाथा जेमतेम दोन ओळींची. त्यांत राजवाडे फार नाहीत. शेत आहे, कापूस आहे, नांगर आहे, सासू आहे, दीर आहे. आणि वाटसरू तर पावलोपावली.

एका गाथेतली बाई आम्हाला विसरता येत नाही. संध्याकाळी परका माणूस दारात आला. तिने त्रागा करत, बडबडत त्याच्यापुढे झोपायला गवत टाकलं. सकाळी तो निघून गेला, आणि तेच गवत गोळा करताना ती रडते आहे. बस, एवढंच. रात्री काय बोलणं झालं, काय घडलं, कवी सांगत नाही. आम्ही गटाच्या बैठकीत ही गाथा सांगितली तेव्हा आधी सगळ्या हसल्या. मग गप्प झाल्या.

दुसरी एक बाई धीट आहे. घरात सासू आणि ती, दोघीच. मुक्कामाला आलेल्या वाटसरूला ती दिवसाउजेडी बजावते, की सासू इथे झोपते, मी तिथे, तू रातांधळा, नीट बघून ठेव, रात्री आमच्या अंथरुणावर धडपडू नकोस. सासूला वाटावं सून किती खबरदार! वाटसरूला मात्र जागा कळली. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धन नावाच्या पंडिताने ही गाथा आपल्या ग्रंथात घेतली, शब्दांत नकार आणि अर्थात बोलावणं कसं असतं ते दाखवायला. पंडिताला ग्रंथ लिहावा लागला. आपल्यातल्या कितीतरी जणींना हे सासरच्या पहिल्या वर्षातच जमतं.

जुन्या टीकाकारांनी अशा बायांना 'असती' म्हणून टाकलं. गाथा मात्र त्यांना नावं ठेवत नाही, आणि आम्हीही ठेवणार नाही. नवरा कमाईला दूर गेलेला, निरोप यायची सोय नाही. दुसऱ्या एका गाथेत नवरा आजच गेलाय, आणि दिवस मोजण्यासाठी रेघा ओढता ओढता बायकोने अर्ध्या दिवसात भिंत भरून टाकलीय. ऊसतोडीला, मुंबईला माणूस गेला की घर कसं वाटतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही भिंत समजावून सांगायला नको.

हेही खरं, की यातल्या कितीतरी गाथा पुरुषांनी बाईच्या तोंडी घातल्या असणार. पण रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी कवयित्रींची नावंही परंपरेने जपली आहेत. पेंढ्याची गाथा कुणाची, कोण जाणे. आम्हाला ती बाईचीच वाटते. वाटसरू पुढच्या गावाला गेला, गवत उचलायला मागे कोण राहतं ते बाईला पक्कं ठाऊक असतं.

आणखी एक गाथा पाणपोईवरची. तहानलेला वाटसरू नजर वर लावून ओंजळीची बोटं सैल सोडतो, म्हणजे पाणी गळत राहावं. ती बाईही धार बारीक बारीक करत नेते. दोघांनाही घाई नाही.

स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली या गाथा मराठी अर्थासह छापल्या. तालुक्याच्या वाचनालयात विचारा. मिळालं पुस्तक तर बैठकीला घेऊन या, मोठ्याने वाचू.