घोट्याच्या वरचा एक बिंदू : बाळंतपणानंतरच्या कळा आणि ॲक्युप्रेशरचा भारतातला प्रवास

माझ्या बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणानंतरची गोष्ट. बाळाला पाजायला घेतले की तिच्या ओटीपोटात कळा येत. पहिल्या खेपेस असे झाले नव्हते, म्हणून ती घाबरली. शेजारच्या काकूंनी तिच्या घोट्याच्या आतल्या बाजूला, चार बोटे वर, अंगठ्याने बराच वेळ दाबून दिले आणि म्हणाल्या, "हे आपले ५००० वर्षांपूर्वीचे शास्त्र आहे." बहिणीला बरे वाटले. मला मात्र तो ५००० चा आकडा स्वस्थ बसू देईना.

या कळा येतात कशा, ते आधी पाहू. वार पडल्यावर गर्भाशय आकुंचन पावते आणि उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्या आवळून धरते. रक्तस्राव आटोक्यात राहतो तो त्यामुळेच. बाळ स्तनाला लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि हे आकुंचन जोर धरते. पहिलटकरणीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या आईला त्याचा त्रास अधिक होतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, प्रसूतीनंतरच्या या शूलाला 'मक्कल्ल' असे नाव दिलेले आहे. म्हणजे आपल्याकडे हे दुखणे ओळखलेले होते, त्याला नावही होते. परंतु तिथे सांगितलेले उपाय पोटात घेण्याचे आहेत; उदाहरणार्थ, कोमट पाण्यातून वा तुपातून यवक्षार. घोट्यावरच्या बिंदूचा तिथे पत्ता नाही.

"मग मर्मे कोणती?" असा प्रश्न हटकून येतो. त्याच शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात १०७ मर्मे मोजली आहेत. पण ती आघात झाल्यास जीवावर बेतणारी किंवा व्यंग आणणारी स्थाने आहेत. शस्त्र चालवताना शल्यचिकित्सकाने ती सांभाळायची असतात. दाबून दुखणे घालवण्याचा तो नकाशा नव्हे. सुईणींची तेलमालीश आणि शेकशेगडी नक्कीच जुनी आहे, पण ती परंपरा वेगळी.

काकूंनी दाबलेल्या बिंदूचे नाव आहे 'सानयिनजियाओ'. पायातून जाणाऱ्या तीन यिन मार्गांचा संगम, असा त्याचा अर्थ. नावच त्याचे मूळ सांगते. तो भारतात रुजण्याच्या कथेत एक मराठी नाव येते, तेही काहीसे आडवाटेने. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला भारतातून पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि बंगालचे बिजयकुमार बसूही. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते, सुयांचे उपचारक नव्हते. बसू मात्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. ते शिकले ती विद्याही जशीच्या तशी प्राचीन नव्हती. झू लियान या महिला डॉक्टरने १९५१ च्या आपल्या ग्रंथात सुयांची मांडणी मज्जासंस्थेच्या भाषेत नव्याने केली होती. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

दुसरा प्रवाह थेट अमेरिकेतून आला. विल्यम फिट्झगेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले. एडविन बॉवर्स यांच्यासह १९१७ मध्ये काढलेल्या पुस्तकात त्यांनी वेदनारहित प्रसूतीवर एक प्रकरणच घातले, आणि त्यातले साधन कोणते, तर हातात घट्ट धरायचा कंगवा! पुढे युनिस इंगहॅम यांनी हा विचार तळपायांवर केंद्रित केला. आपल्या जत्रांत मिळणारे लाकडी रोलर आणि काटेरी चपला याच घराण्यातल्या. चिनी बिंदू आणि अमेरिकी पट्टे भारतात एकाच नावाखाली एकत्र नांदू लागले आणि त्यांवर 'प्राचीन भारतीय' अशी चिठ्ठी लागली.

पण जन्मदाखला खोटा निघाला म्हणून गुण खोटा ठरत नाही. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले की स्पर्श व दाबाचे संकेत मज्जारज्जूच्या पातळीवरच वेदनेचे संकेत अडवू शकतात. १९७५ मध्ये मेंदूतली अफूसदृश द्रव्ये हाती लागली. १९७७ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की नॅलोक्सोन या अफूरोधक औषधाने सुयांचा वेदनाशामक परिणाम ओसरतो. कोडे सुटले असे वाटत होते. पुढच्याच वर्षी लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला आणि निव्वळ विश्वासाने मिळणारा आरामही नॅलोक्सोनने नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. मला हा प्रयोग या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्याने कोणाचीच बाजू घेतली नाही.

भौतिकशास्त्रज्ञाला इथे एक ओळखीची अडचण दिसते. तुलनेसाठी 'खोटा' बिंदू दाबावा, तर तोही दाबच असतो. शून्य दाखवायला ठेवलेले उपकरण स्वतःच संकेत देत राहते. शिवाय दाबणाऱ्या हाताला खरे-खोटे ठाऊक असते. प्रसूतीच्या वेदनांसाठी ॲक्युपंक्चर व ॲक्युप्रेशर यांवरच्या २८ चाचण्या (३,९६० महिला) कॉक्रेन समीक्षेने २०२० मध्ये एकत्र तपासल्या. बिंदूंवरच्या दाबाने वेदनांची तीव्रता कमी होते का, याबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही, असेच तिला म्हणावे लागले. याउलट प्रसूतीनंतरच्या कळांवर आयब्युप्रोफेनच्या वर्गातली औषधे उपयोगी पडतात, याला बरा पुरावा आहे.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता असता तर मी इतके लिहिले नसते. "गोळी नको, बिंदू दाब" असे सांगून कित्येक बाळंतिणींना दुखणे सोसायला लावले जाते. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, कमी होण्याऐवजी वाढणारा रक्तस्राव किंवा वेदना ही डॉक्टरकडे तातडीने जाण्याची लक्षणे आहेत. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर तो पाय अजिबात चोळू अगर दाबू नये.

बहिणीने डॉक्टरांना विचारून गोळी घेतली. पाय दाबून घेणेही तिने सोडले नाही. ती म्हणाली, त्या आठवड्यात बाळाला सोडून तिच्याकडे पाहणाऱ्या एकट्या काकूच होत्या.