कात: काढ्यातून निघालेला रंग

विड्यात चुन्याशी गाठ पडली की जीभ लाल करतो, तो कात. रंगाऱ्याकडे त्याचे रूप निराळे. मोरचुदाच्या जोडीने सुती कापडावर तो पक्का तपकिरी चढतो, हिराकस घातला तर करडा-हिरवट होतो.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘क्वाथ’, म्हणजे काढा. कढणे, कढ, काढा ही त्याच कुळातली भावंडे. नाव पडले ते कृतीवरून. खैराचा लाल गाभा तासून ढलप्या काढायच्या, मडक्यात उकळायच्या, गाळलेले पाणी दाट होईपर्यंत आटवायचे आणि वड्या पाडून सुकवायच्या. साप टाकतो ती कात वेगळी. ती ‘कृत्ति’ म्हणजे कातड्यावरून आली आणि ती स्त्रीलिंगी. रंगाचा कात पुल्लिंगी.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात काताची चर्चा केली आहे. तरी युरोपात त्याला पुढेही ‘जपानची माती’ म्हणत. झाड खैराचे, मुलूख आपला, नाव मात्र जपानचे! शिडे आणि मासेमारीची जाळी कुजू नयेत म्हणून युरोपात ती याच काढ्यात बुडवत.

शहापूर-मुरबाडात या शब्दाने माणसांना नाव दिले. कात करणारे ते कातकरी. काथोडी हे नावही त्यातलेच. तानसाच्या रानात खैर आजही आहे, पण १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातली कुऱ्हाड गुन्हा ठरली आणि धंदा हातचा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, शेतमजुरी आली. आता पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कात आता चिपळूणजवळच्या सावर्ड्यासारख्या ठिकाणी कारखान्यांत होतो.

म्हणून ‘कातकरी’ म्हणजे ‘एक आदिवासी जमात’ एवढ्यावर भागवणे मला पटत नाही. सुतार, लोहार यांसारखेच ते कारागिराचे नाव आहे. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी, सोन कातकरी अशी सहा नावे एकाच ओळीत आहेत. सहाही काताचीच.