टेम्सच्या तळाचा इतिहास

समुद्राला मिळणाऱ्या नदीचा मुखाकडील भाग धड नदीचाहि नसतो आणि धड समुद्राचाहि नसतो. दिवसांतून दोनदां समुद्र तेथें आंत शिरतो व दोनदां परत जातो. कोंकणांतील खाडीच्या कांठीं वाढलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाहीं. लंडन शहर ज्या टेम्स नदीवर वसलें आहे, तिचा टेडिंग्टन या गांवापासून खालचा सारा प्रवाह असाच भरती-ओहोटीचा आहे. लंडन ब्रिजपाशीं उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी सुमारें २३ फूट वरखालीं होते. भरतीच्या वेळीं पुलाखालून तुडुंब वाहणारी नदी पाहून प्रवाशाला तिच्या वैभवाचें कौतुक वाटतें. सहा तासांनीं तोच प्रवासी कठड्यावरून वांकून पाहील, तर त्याला चिखल, दगडगोटे, गंजलेल्या साखळ्या, मोडक्या होड्यांचे सांगाडे आणि दुकानांतून पळविलेल्या लोखंडी हातगाड्या दिसतील. नदीचें एक रूप वरचें असतें व एक तळाचें. वरचें रूप सर्वांच्याच डोळ्यांसमोर असतें. परंतु तळाची बातमी ज्याचा गळ किंवा जाळें तेथवर पोंचतें, त्यालाच प्रथम कळते.

या पाण्यांत गळ टाकणाऱ्या हौशी मासेमारांना दोन मासे विशेष प्रिय आहेत: एक मलेट व दुसरा बास. मलेट हा महाराष्ट्राच्या खाड्यांत सांपडणाऱ्या बोय माशाच्याच कुळांतला. बास हा रूपानें व स्वभावानें जिताड्याची आठवण करून देतो. परंतु त्याचें कूळ निराळें आहे. मलेट शांत व सावध असतो. चिखलावर आणि दगडांवर साचणारें सूक्ष्म शेवाळ ओरबाडून खाणें हा त्याचा उद्योग. बास हा शिकारी. भरतीचें पाणी चढूं लागलें कीं त्याबरोबर तो उथळ चिखलावर येतो आणि खेकडे, कोळंबी व लहान मासे टिपतो. बुडालेल्या होडीच्या लांकडावर किंवा जुन्या खांबावर शेवाळ धरतें, म्हणून मलेट तेथें येतो. त्याच अडगळीच्या सांदींत खेकडे दडतात, म्हणून बासहि तेथेंच येतो. मासेमाराची अडचण येथेंच सुरू होते. जेथें अडगळ तेथें मासा, आणि जेथें मासा तेथेंच गळ अडकून दोरी तुटण्याचें भय.

अनुभवी मासेमार म्हणून भरतीच्या आधीं ओहोटीच्या वेळींच कांठावर हजर होतो. कोठें साखळी पडली आहे, कोठें खांब उभा आहे, कोठें पन्हळीसारखा खोल ओहोळ आहे, हें उघड्या तळावर पाहून तो मनांत नकाशा काढून ठेवतो. बाससाठीं आमिष तळाशीं ठेवावयाचें तर तो शिसें मुख्य दोरीला न बांधतां एका कच्च्या दोऱ्यानें बांधतो. शिसें अडकलेंच, तर तो दोरा तुटून शिसें तेवढें जातें. गळ व मासा हातचा जात नाहीं. मलेटसाठीं तो तरंगत्या बोंडाखालीं पावाचा लहानसा तुकडा लावून आमिष तळापासून वर राखतो. ही साधी युक्ति खरी. परंतु नदीच्या तळाशीं काय सांचलें आहे याचें ज्ञान तिच्या मुळाशीं आहे. हेंच ज्ञान लंडनच्या राज्यकर्त्यांना फार उशिरां झालें, आणि त्याची किंमत नदीला भरावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टेम्समध्यें सामन व स्मेल्ट या जातींचे मासे विपुल मिळत. लंडनच्या पाणीपुरवठ्याची चौकशी करणाऱ्या आयोगापुढें १८२८ सालीं बिलिंग्जगेटच्या मासळीबाजाराच्या एका अधिकाऱ्याची साक्ष झाली. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं डेप्टफर्डपासून लंडनपर्यंत ४०० कोळी, प्रत्येकाची स्वतःची होडी व हाताखालीं एक पोर, अशा रीतीनें नदीवर पोट भरीत असत आणि आतां तो धंदा बुडाला, असें त्यानें सांगितलें. नदीच्या नाशाची ही पहिली साक्ष डॉक्टरांनीं किंवा रसायनशास्त्रज्ञांनीं दिलेली नव्हती. ती मासळीबाजारांतून आली. त्या वेळीं ती कोणी फारशी मनावर घेतली नाहीं. टेम्समधला शेवटचा सामन मासा १८३३ सालीं धरला गेला असें मानतात.

या नाशाचीं कारणें उघड होतीं. लंडनची वस्ती १८०१ सालीं सुमारें १० लाख होती. १८५१ सालीं ती २३ लाखांवर गेली. पूर्वीं घरोघरचा मैला खड्ड्यांत सांचून शेतावर जात असे. पाण्याचे संडास आले, आणि तो मैला गटारांतून थेट नदींत जाऊं लागला. १८४८ च्या सुमारास खड्डे बुजवून घरांचीं मोऱ्या-गटारें मुख्य गटारांस जोडण्याचा अधिकाऱ्यांनीं आग्रह धरला. घरें स्वच्छ झालीं, पण नदी घाण झाली. नदींत टाकलेली वस्तु समुद्रास मिळाली, ही समजूत डोंगरांतून धांवणाऱ्या प्रवाहाविषयीं कदाचित् खरी ठरेल; भरतीच्या नदीविषयीं ती सर्वस्वी खोटी आहे. ओहोटीबरोबर गेलेली घाण भरतीबरोबर परत येते. पावसाळी प्रवाह कमी असला म्हणजे तीच घाण आठवडेच्या आठवडे शहरासमोर येरझारा घालीत राहते.

१८५८ सालच्या उन्हाळ्यांत ही दुर्गंधि असह्य झाली. नदीकांठच्या पार्लमेंटांत सभासदांना बसवेना. खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्यें भिजवून टांगावे लागले. ज्या सभागृहानें वर्षानुवर्षें चर्चेंत काळ घालविला होता, त्यानेंच अवघ्या १८ दिवसांत कायदा मंजूर केला. जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरनें नदीला समांतर अशीं ८२ मैल लांबीचीं मुख्य गटारें बांधून सारा मैला शहराच्या पूर्वेस बेक्टन व क्रॉसनेस येथें नेला. तेथें तो ओहोटीच्या वेळीं नदींत सोडला जाई. हें काम अद्भुत होतें यांत संशय नाहीं. परंतु घाण नाहींशी झाली नव्हती. ती फक्त कांहीं मैल खालीं सरकली होती. ३ सप्टेंबर १८७८ रोजीं ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट याच भागांत दुसऱ्या जहाजाशीं टक्कर होऊन बुडाली व ६०० हून अधिक माणसें मेलीं. त्याच्या थोडा वेळ आधींच तेथें मैल्याचे दरवाजे उघडलेले होते. पाण्यांत पडलेल्यांच्या मृत्यूस ती घाणहि कारण झाली, असें अनेकांचें मत पडलें. त्यानंतर घन मैला वेगळा काढून १८८७ पासून जहाजांनीं बाहेर समुद्रांत टाकण्यांत येऊं लागला. ही पद्धत १९९८ पर्यंत चालू होती.

विसाव्या शतकांत वस्ती आणखी वाढली, आणि नदीचें पाणी पुन्हां खालावलें. १९५७ सालीं ॲल्विन व्हीलर या मत्स्यशास्त्रज्ञानें पाहणी केली, तेव्हां क्यूपासून ग्रेव्हझेंडपर्यंतच्या भागांत ईल मासा वगळतां कोणत्याहि जातीची कायमची वस्ती त्याला आढळली नाहीं. मैला कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपून जाई, आणि उन्हाळ्यांत कित्येक मैल प्रवाहांत श्वास घेण्याजोगें पाणीच उरत नसे. वरून पाहणाऱ्याला मात्र जहाजें ये-जा करीत होतीं आणि नदी वाहत होती.

नदी पुन्हां जिवंत होत आहे, ही बातमीहि अशीच एका अनपेक्षित ठिकाणाहून आली. नदीकांठचीं वीजघरें यंत्रें थंड करण्यासाठीं नदीचें पाणी ओढून घेत. पाण्याबरोबर येणारा केरकचरा अडविण्यासाठीं त्यांनीं जाळ्यांचे पडदे बसविले होते. बेक्टन व क्रॉसनेस येथील शुद्धीकरणाचीं कामें सुधारूं लागलीं, तसतसे १९६४ च्या सुमारापासून या पडद्यांवर कचऱ्याबरोबर मासेहि सांपडूं लागले. वीजघरांतील कामगारांनीं ते जपून ठेवावे व व्हीलरनें ते ओळखावे, असा क्रम सुरू झाला. नोव्हेंबर १९७४ मध्यें वेस्ट थरॉक येथील वीजघराच्या पडद्यावर एक सामन मिळाला. सुमारें १४० वर्षांत टेम्समध्यें मिळालेला तो पहिला. आजवर या मुखप्रदेशांत सव्वाशेंच्या आसपास जातींची नोंद झाली आहे. मलेट व बास शहराच्या पुलांपर्यंत येऊं लागले आहेत. बासचीं अंडीं बाहेर समुद्रांत पडतात. परंतु त्याचीं पिलें उन्हाळ्यांत अशाच उथळ मुखप्रदेशांत येऊन वाढतात.

ही कहाणी येथेंच संपती, तर तिला सुखान्त म्हणतां आलें असतें. परंतु तिसरी साक्ष निराळी आहे. २०१२ सालच्या अखेरीस तीन महिने टेम्सच्या वरच्या मुखप्रदेशांत सात ठिकाणीं तळाशीं जाळ्याचे पिंजरे लावले होते. लोंकरी पंजांच्या चिनी खेकड्यांसाठीं ते होते. त्यांत प्लास्टिकच्या ८,४९० वस्तु सांपडल्या, आणि त्यांतील पांचव्या हिश्श्याहून अधिक वस्तु संडासांत टाकल्या जाणाऱ्या आरोग्यविषयक साधनांच्या होत्या. हा कचरा पृष्ठभागावर तरंगत नव्हता. पाण्याखालून, कोणाच्या नजरेस न पडतां, तो भरती-ओहोटीबरोबर तळाशीं पुढें-मागें सरकत होता. पुढील एका अभ्यासांत या नदींतील फ्लाउंडर या लेपीसारख्या चपट्या माशांपैकीं सुमारें पाऊण हिश्श्याच्या आंतड्यांत प्लास्टिकचे तंतु मिळाले. वरच्या पाण्यांत हिंडणाऱ्या स्मेल्टमध्यें हें प्रमाण पांचव्या हिश्श्याइतकेंच होतें. जो मासा तळाशीं चरतो, त्याला तळाचा कचरा अधिक भोंवतो.

लंडनकरांनीं या शतकांत पुन्हां मोठें काम हातीं घेतलें. जोराचा पाऊस पडला कीं बॅझलगेटचीं गटारें भरून वाहत व मैला नदींत शिरे. ऑगस्ट २००४ मधील एका वादळानंतर त्यामुळें हजारों मासे मेले होते. हें टाळण्यासाठीं नदीखालून सुमारें १५ मैल लांबीचा नवा बोगदा खणण्यांत आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें तो पूर्णपणें जोडला गेला. त्याच वर्षीं हॅमरस्मिथ पुलाजवळ नदीच्या कांठावर सांचलेला, ओल्या पुसणीच्या फडक्यांचा बेटासारखा ढीग यंत्रांनीं उपसावा लागला. त्याचें वजन शंभर टनांहून अधिक भरलें. बोगद्यानें नवी घाण थांबेल. जुनी, बुडालेली अडगळ मात्र माणसालाच हातानें काढावी लागेल.

यांत केवळ मासेमाराच्या करमणुकीचा प्रश्न गुंतलेला नाहीं. बासच्या मादीला अंडीं घालण्याच्या वयास येण्यास सहाएक वर्षें लागतात, मलेटला त्याहूनहि अधिक. बुडालेलें लांकूड किंवा दगड माशाला आसरा देतात. प्लास्टिक व मैला तोच आसरा विषारी करतात. उन्हाळ्यांतील एका दिवसाची बेफिकिरी अनेक वर्षांची वाढ पुसून टाकूं शकते. १८२८ सालीं मासळीबाजारानें जें सांगितलें, तें ऐकण्यास लंडनला ३० वर्षें लागलीं. २०१२ सालच्या पिंजऱ्यांनीं जें दाखविलें, तें मानण्यास तितका काळ लागूं नये. दगडी कठड्यावर उभा राहून गळ टाकणारा मासेमार आजहि दोरीला हिसका बसला कीं क्षणभर थांबतो. दोरीच्या दुसऱ्या टोकाला बास आहे कीं माणसानेंच टाकलेली एखादी वस्तु, हें त्याला ओढून पाहिल्यावांचून कळत नाहीं.